बारा आऱ्यांचं चाक

नंदुरबार,
गुरुवार, ता. १७ मे १९३४

चि. युसुफ यास,

सलीमाआपाचे अनेक दुवा. रजियाला सलाम सांग, आणि छोट्या शमाला माझ्या नावानं दोन मुके दे. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, तुम्ही तिघंही असालच.

उन्हाळ्यानं यंदा कहर मांडलाय. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मिरची मात्र चांगली वाळली. तुझ्यासाठी पाच शेर तिखट कुटून डब्यात भरून ठेवलंय, कारण सुरतेची गोड डाळ खाऊन तू पुरता गुजराती झालास असं भिकन सांगत होता. अब्बांची तब्येत बरी आहे. जेवतात, नमाजाला जातात, माझ्यावर ओरडतात. म्हणजे बरीच म्हणायची.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. अब्बांना दोनदा वाचून दाखवलं, पहिल्यांदा सगळं आणि दुसऱ्यांदा नुसतं चाकाचं. भिकन ड्रायव्हर दिलवरसिंगांची मोटार घेऊन सुरतेला आला, तुमच्या गॅरेजात थांबला, आणि तुमचा फोरमन त्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून आऱ्यांवर हातोडी वाजवत राहिला. मग तुला आऱ्यावरच्या आपल्या घराच्या तीन खुणा दिसल्या आणि तू सगळ्या गॅरेजला चहा पाजलास. हे वाचताना अब्बांनी मला दोन वेळा थांबवलं. तुमचे शेट म्हणाले, "हे चाक ज्यानं केलं त्याला घेऊन ये," म्हणून तू पुढच्या शुक्रवारी येणार, सोबत वखारवाल्याला आणणार, दुकान आणि अवजारं त्याच्या ताब्यात देणार आणि आम्हाला सुरतेला नेणार. अब्बा गॅरेजात स्टुलावर बसून चाकं करतील. माझी सोय तू दीड ओळीत लावलीस: आपा घरी रजियाला मदत करेल. रजियाच्या हातची खिचडी मी खाल्लीय, तेव्हा मदतीची गरज आहे हे मान्य.

याला उत्तर म्हणून "ये" एवढं एक अक्षर पुरलं असतं. पण तीन दिवस मी कागद पुढे घेऊन बसतेय आणि उठतेय. चाक कसं केलं ते तू विचारलंयस, तेच आधी सांगते.

दिलवरसिंगांची मोटार तुला माहीत आहे. तळोद्याकडच्या आठ-दहा गावांत तेवढी एकच, आणि तिचंही वय झालेलं. चाकांना आपल्या बैलगाडीसारखे लाकडी आरे, वरून रबरी टायर. होळीच्या सुमारास मागचं डावं चाक करकरायला लागलं. त्यांनी मुंबईला लिहिलं, तर उत्तर आलं की या चाकाचे भाग आता येत नाहीत, मोटार बदला. दिलवरसिंग म्हणाले, "लाकूडच शे ना? मंग सलाउद्दीन मिस्त्रीकडे चला." आणि भिकननं मोटार आपल्या दाराशी आणून उभी केली.

आरे हातानं हलवले तर म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलत होते. गाडीचं चाक असं सैल झालं की आपण काय करतो ते तुला सांगायला नको. चाक काढायचं, दोन दिवस पाण्यात टाकायचं. लाकूड फुगतं आणि आरे घट्ट होतात. इथंही तसंच करण्यात आलं. चाक दोन दिवस हौदात राहिलं, निघालं तेव्हा दगडासारखं कडक होतं. भिकन खूश, दिलवरसिंग खूश. बाराव्या दिवशी प्रकाशा गावाच्या अलीकडच्या उतारावर ते चाक बसलं. आरे एका अंगाला कलंडले आणि मोटार खडीवर घसरत गेली. आत दिलवरसिंगांच्या आई जमनाबाई होत्या, त्यांचा गुडघा फुटला. भिकनचे पुढचे दोन दात गेले. सुरतेला तो तोंडावर हात धरून का बोलत होता, ते तुला आता कळलं असेल.

इथवर लिहिलं आणि वाचून बघितलं. "तसंच करण्यात आलं." सरकारी नोटिशीत शोभेल असं वाक्य आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला कधीपासून लागली कोण जाणे.

चाक पाण्यात टाकायला मी सांगितलं, युसुफ. अब्बा म्हणाले होते, "पोर, हाई गाडी नही शे, जरा दम धर." मी दम धरला नाही. दहा गाड्यांची चाकं मी अशी घट्ट केली होती, अकराव्याला काय विचार करायचा, असं मला वाटलं.

आता तू विचारशील की चाकाच्या कामात आपाचं कोण ऐकतं. त्याचं उत्तर मी तुझ्यापासून पाच महिने लपवलंय, ते देते. मन घट्ट करून वाच.

रमझानच्या तिसऱ्या रोज्याला अब्बा फजरच्या नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला, बसले आणि त्यांच्या उजव्या हातातून लोटा पडला. उचलला, पुन्हा पडला. त्या दिवसापासून त्यांचा उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबतो. हकीम झाले, दवाखान्याचे डॉक्टर झाले. पाय वाचले, जीभ वाचली, हात काही परत आला नाही. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली. खरं सांगते, ती शपथ माझ्याही सोयीची होती. तुला कळलं असतं तर तू मिळेल त्या गाडीनं आला असतास आणि दुकानाला कुलूप लावलं असतंस, तेही चांगल्या मनानं. वाईट माणसाशी मला भांडता येतं. चांगल्या मनानं कुलूप लावणाऱ्याशी कसं भांडायचं, ते मला येत नाही.

तेव्हापासून दुकानातलं सगळं काम मी करते. तुझे दूल्हेभाई वारले आणि मी माघारी आले त्याला सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं भाता ओढला. आपल्यासारख्यांच्या घरात बायका भाता ओढतातच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. मग रंधा हातात आला, मग लाकूड तासायचा वाकस. अब्बांची नजर जशी मंदावली तसा माझा हात पुढे सरकत गेला. त्यांचा हात गेला तेव्हा मला चाकाच्या मधल्या तुंब्यात आरे भरता येत होते, लोखंडी धाव तापवून चाकावर चढवता येत होती. दुकानाच्या दाराला आम्ही गोणपाटाचा पडदा लावला. अब्बा बाहेर बाजेवर बसून गिऱ्हाइकाशी बोलायचे, मी आत ठोकायची. मिस्त्री बाहेर बसलाय आणि आतून वाकसाचा आवाज येतोय, हे सगळ्या पेठेला दिसत होतं. कोणी विचारलंच तर अब्बा म्हणायचे, "कारागीर ठेवेल शे." झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ त्या उतारावर उघडली असती. दिलवरसिंग मोडकं चाक बैलगाडीत घालून घेऊन आले तेव्हा दारात वीस-पंचवीस माणसं जमली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "मिस्त्री, मन्ही माय व्हती मोटारमा." मी पडद्याआड उभी होते. बाहेर आले नाही. अब्बा बाजेवरून उठले आणि म्हणाले, "मन्ही चूक शे, मालक. चाक पानीमा टाकाले मीच सांगं. हात म्हतारा व्हयना."

चाळीस वर्षांत त्या माणसानं स्वतःची चूक कबूल केल्याचं मी ऐकलेलं नाही, तूही नाही. पहिल्यांदा केली ती माझी. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तिघांनी दुरुस्तीला टाकलेल्या गाड्या परत नेल्या. अब्बांनी दिलवरसिंगांकडे एकच मागणं केलं, चाक पंधरा दिवस आमच्याकडे राहू द्या. दुसरा इलाज त्यांच्यापाशीही नव्हता, म्हणून ते हो म्हणाले.

मी चाक उघडून बसले. तुला हे तुमच्या फोरमनला सांगता येईल, म्हणून नीट लिहिते. गाडीच्या चाकाला मध्ये लाकडी तुंबा असतो, कडेला लाकडी पुठ्ठे असतात, सगळं एकदम फुगतं आणि एकदम सुकतं. शिवाय गाडी दोन दिवसाआड नदीनाल्यातून जाते, तिला पाणी मिळत राहतं. मोटारीच्या चाकात मध्ये लोखंड, कडेलाही लोखंडाचं अख्खं कडं. ओल्या लाकडाला फुगायला जागाच नाही, ते आपल्याआपणच चेपलं. मग उतारावर ब्रेक दाबला की मधलं लोखंड तव्यासारखं तापतं. लाकूड वाळलं आणि पहिल्यापेक्षाही बारीक झालं. म्हणजे मी चाक घट्ट केलंच नव्हतं, मारून टाकलं होतं.

तेव्हा लाकूड पाहिजे होतं ते असं की ज्यात आता सुकण्यासारखं काही उरलेलं नाही. आपल्या माळ्यावर तिवसाच्या लाकडाचे तुकडे होते. डोंगरातल्या बाज्यानं आणून दिलेले, आठ वर्षं चुलीचा धूर खाऊन हाडासारखे झालेले. अब्बांनी ते कोणासाठी ठेवले होते ते तुला ठाऊक आहे. तू मिस्त्री होशील तेव्हा तुझी पहिली गाडी त्याची व्हायची होती. मी विचारलं, काढू का? त्यांनी माळ्याकडे तोंड केलं. मग म्हणाले, "काढ. लाकूड कोनी वाट देखस का?"

बारा आरे केले. एक जुना आरा धड राहिला होता, त्याच्यावरून माप घेतलं. मी तासायची आणि अब्बा डाव्या हाताच्या बोटांनी चाचपून सांगायचे, "आठे कागदभर जास्ती शे." नजर गेली, हात गेला, पण कागदभर जास्त त्यांच्या बोटाला अजून कळतं. नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी जुळवायला घेतलं तर दहा आरे बसले आणि दोन उरले. ढिले केले तर चाकात जीव राहत नाही, घट्ट ठेवले तर शेवटचे दोन शिरत नाहीत. घणानं ठोकले, तर एक चिरला. तो पुन्हा केला. गाडीच्या चाकाला पुठ्ठे तुकड्यातुकड्यानं येतात, म्हणून तिथं हा प्रश्नच येत नाही. इथं कडं अख्खं. बाराव्या दिवशी मी इतकी वैतागले की सगळं सोडवून टाकायला म्हणून मधून आरे वर उचलले, आणि बघते तर मधली बाजू चार बोटं वर आली की बाकीचे दोन सहज आत बसत होते. बारा आरे उलट्या टोपलीसारखे उभे राहिले. आता फक्त मधून खाली दाबायचं होतं. एका दमात, आणि सारखं.

अब्बांनी हात फिरवून बघितलं आणि हसले. हात गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "दाबसी कसं? घरनं छप्पर उडी जाई."

खरंच होतं. भिकननं मोटारीचा जॅक दिला होता, पण जॅकला वरून टेकायला छपरापेक्षा जड काहीतरी पाहिजे. म्हणून मग बैलगाडी. फरशीवर कडं ठेवायचं, त्यावर आरे, आऱ्यांवर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर जॅक, आणि जॅकचं डोकं भरलेल्या गाडीच्या आखाखाली. जॅक वर चढवला की गाडी उचलली तरी जाईल नाहीतर चाक तरी दाबलं जाईल. पण युसुफ, गाडी पडद्यामागे मावत नाही. ती रस्त्यावरच लावावी लागणार, आणि जॅकचा दांडा फिरवणाऱ्या माणसानं गाडीखाली रस्त्यातच बसावं लागणार.

मी पडदा काढला. अंगावरचं लुगडं खोचलं, पदर घट्ट बांधला आणि बाहेर आले.

गाडीत बाजरीची दहा पोती भरली होती. दांडा फिरवला तर आरे हलले नाहीत, गाडीच वर उचलली गेली. लोक हसले. तेवढ्यात दिलवरसिंग आईला घेऊन आले. ज्या चाकानं गुडघा फोडला ते कसं बनतं ते बघायचं म्हणून म्हातारी हट्टानं आली होती. मी गाडीखालून डोकं काढून म्हटलं, वजन कमी पडतंय. जमनाबाई म्हणाल्या, "माले चढाडा वर. मन्हं वजन काय कामनं नही का?" त्या चढल्या म्हटल्यावर पेठेतली माणसं भराभर चढली. एरवी लग्नाच्या वऱ्हाडालाही गाडीत इतकी माणसं बसत नाहीत. मी दांडा फिरवला. लाकूड कुरकुरलं. अब्बा चाकाशी बसून डाव्या हातानं आरे धरून होते, "आते थांब," "आते फिरव," असं सांगत होते. आणि मग बारा आरे एकदम खाली बसले. बंदुकीसारखा आवाज झाला, बैल बिचकले. मी हात फिरवला. सगळं सपाट, केसभर फट नाही.

चाक मोटारीला बसवलं, वर उचलून फिरवलं आणि खडूचा तुकडा कडेला धरला. पूर्ण फेऱ्यात रेघ कुठे तुटली नाही. हे तुमच्या फोरमनला जरूर सांग.

नव्या गाडीत पहिल्यांदा मिस्त्रीनं बसायचं, ही आपल्याकडची रीत. दिलवरसिंगांनी मोटारीचं दार उघडलं आणि अब्बांना म्हणाले, चला. तोवर लोकांना वाटत होतं की म्हाताऱ्याला हात कमी पडला म्हणून पोरगी दांडा फिरवतेय. अब्बा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मिस्त्रीलेच बसाडा. चाक मन्ही पोरनी करं. मी नुसता बठेल व्हतू."

मला तिथंच गप्प राहता आलं असतं. पण जमनाबाई समोर उभ्या होत्या, गुडघ्याला पट्टी बांधलेली. मी त्यांना सांगितलं, "मांगलं चाक बी मीच करेल व्हतं. पानीमा मीच टाकं. अब्बानी नही." म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाली, "मंग तू पुढे बस, मी मांगे बससू. मोडनं ते दोन्ही संगे पडसूत."

धानोऱ्यापर्यंत जाऊन आलो. उतारावर मी मुद्दाम भिकनला ब्रेक दाबायला लावला, तीन वेळा. त्याचे उरलेले दात वाजत होते, चाक वाजलं नाही. परत आल्यावर मी छिन्नी घेऊन आऱ्यावर आपल्या तीन खुणा पाडल्या. त्या अब्बांच्या अब्बांच्या आहेत. तू त्या अब्बांच्या म्हणून ओळखल्यास यात तुझी चूक नाही, आणि त्या मी पाडल्या यात माझीही नाही. भिकनला मीच बजावलं होतं की सुरतेला युसुफपाशी तोंड उघडायचं नाही. कारण मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं, आणि सांगायला मी भीत होते. दोन्ही खरं आहे.

तेव्हापासून परत नेलेल्या तिन्ही गाड्या परत आल्या आहेत. नवापूरहून एका मोटारीच्या स्प्रिंगचा मोडलेला पाटा आलाय, सध्या तो ऐरणीवर आहे. पडदा पुन्हा लावला नाही. पेठेत दोघाचौघांनी नाकं मुरडली. बाईमाणसानं रस्त्यात बसून दांडा फिरवावा का, असं मशिदीच्या पायरीवर कोणी अब्बांना विचारलं. अब्बा म्हणाले, तुमची गाडी मोडेल तेव्हा या, मग सांगतो.

तेव्हा शुक्रवारी तू ये, पण वखारवाल्याला आणू नकोस. दुकान चालू आहे. तुमच्या शेटना सांग की चाक करणारं माणूस सापडलं, पण ते गाव सोडायला तयार नाही. सुरतेची मोडकी चाकं टाप्ती रेल्वेनं नंदुरबारला पाठवा, धड होऊन परत येतील. अब्बांना तुझ्याकडे राहायचं असेल तर मी अडवणार नाही, लेकाचं घर आहे. मी त्यांना तसं विचारलंही. म्हणाले, "मिस्त्री आठे शे. मी तठे काय करू?" तरी तू स्वतः विचार. त्यांचा हात बघून रडू नकोस मात्र, त्यांना ते चालत नाही. मला चालेल, पण नंतर, घरात.

एक गोष्ट राहिली. काम झालं की मालकानं मिस्त्रीला फेटा आणि नारळ द्यायचा, तसा दिलवरसिंगांनी आणला होता. मिस्त्री बाई निघाली म्हटल्यावर ते गोंधळले आणि त्यांनी भिकनला लुगडं आणायला दुकानात पिटाळलं. अब्बांनी त्याला अर्ध्या वाटेतून परत बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "लुगडं तिना भाऊ लई येई. तुम्ही मिस्त्रीना फेटा द्या." दिलवरसिंगांनी फेटा माझ्या दोन्ही हातांवर ठेवला. पडदा ज्या खिळ्याला होता त्याच खिळ्याला तो टांगलाय, रस्त्यावरून दिसतो.

फेटा मिळाला, युसुफ. लुगड्याचा शब्द अब्बांनी तुझ्या नावानं भर पेठेत देऊन ठेवलाय. तो राखायचा की नाही, ते शुक्रवारी तू दारात उभा राहशील तेव्हा सगळ्यांना दिसेल. मी कामातच असेन. हाक मार.

तुझी आपा,
सलीमा सलाउद्दीन, मिस्त्री